जिरतं का बघा

सेकंड होमच्या जाहिराती मी फार मन लावून वाचते. लोणावळा, मळवली, कामशेत, पवनानगर या पट्ट्यातल्या तर जास्तच. ‘धुक्यातलं घर’, ‘खिडकीतून लोहगड’, ‘एक्स्प्रेस-वेपासून दहा मिनिटं’, ‘चोवीस तास पाणी’. पाणी कुठून येतं, बोअरला किती इंच लागलंय, वरची टाकी किती लिटरची, सगळं तपशिलानं छापलेलं असतं. तेच पाणी वापरून झाल्यावर कुठं जातं, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. खंडाळ्याचा घाट चढून आलेला माणूस दोन दिवस नुसतं धुकं बघतो आणि सोमवारी मुंबईला परत जाऊनच मोकळा होतो, असा एकूण समज दिसतो.

आम्ही मात्र कायमचं राहायला जाणार होतो. नाणे मावळात, कामशेतपासून आतल्या अंगाला थोडी जमीन घेतली होती आणि तिच्यावर दोन खोल्या नि पडवी असं बेताचं घर बांधायचं होतं. ह्यांची उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेली, त्यामुळं घराच्या आधी घराची फाइल तयार झाली. फरशी, खिडक्या, कौलं, पडवीतला झोपाळा, प्रत्येकाला वेगळं पान. मैलापाण्याची सोय शेवटच्या पानावर ‘इतर किरकोळ’ या सदरात होती, फाटकाच्या कुलपाच्या खाली.

मिस्त्रींनाही ती बाब किरकोळच वाटत होती.

“सेफ्टी टँक ना ताई? त्यात काय! जेसीबी आला की धा बाय धाचा खड्डा मारू, कडेनं वीट लावू, वरनं स्लॅब. खाली मात्र कच्चं ठेवायचं.”

“कच्चं का?”

“म्हंजे भरत न्हाई. गावात पंधरा वर्सांमागं केलेल्या टाक्या हायेत. एकदा बी उपसाव्या लागल्या न्हाईत.”

कधीच न भरणारी टाकी ही आपल्याकडची फार लाडकी वस्तू आहे. लोक तिच्याबद्दल अभिमानानं बोलतात. वास्तविक भरणं हेच टाकीचं काम. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर सायीसारखा धरतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ सावकाश खातात, पण सगळा फस्त करत नाहीत. दोन-तीन वर्षांनी उरलेला उपसावाच लागतो. जी पंधरा वर्षं भरली नाही ती टाकी नव्हे, तो खड्डा. त्यातला ऐवज पंधरा वर्षं कुणाच्या तरी विहिरीच्या दिशेनं गुपचूप निघालेला असतो.

या टाकीची युक्ती फ्रान्समधल्या वेसूल गावच्या झाँ-लुई मूरास यांची. १८६० च्या सुमारास त्यांनी एक बंद हौद बांधला आणि काही वर्षांनी उघडून पाहिला, तर आत अपेक्षेपेक्षा फारच थोडा गाळ. १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पुढं इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरन यांनी तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं. शोध मोठाच, पण तो हौद उघडून बघायची कल्पना मूरास यांनी घरात कशी पटवली असेल, हे मला अधिक जाणून घ्यायला आवडलं असतं.

टाकी केवढी असावी यालाही शास्त्र आहे. आयएस २४७० या भारतीय मानकात पाच माणसांच्या घरासाठी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण मीटरभर पाण्याची खोली सांगितली आहे. वर फूटभर मोकळी जागा. आमचा दिवाणसुद्धा याहून लांब आहे. मिस्त्रींना हे माप ऐकून वाईट वाटलं. धा बाय धाच्या खड्ड्यात त्यांची आणि आमची, दोघांचीही इज्जत होती. “एवढ्याशात काय मावतंय ताई? पाव्हणे आले मग?” पाहुण्यांसाठी थोडी वाढवून घेतली. तळासकट सगळ्या बाजूंनी पक्की, मध्ये भिंत, आत-बाहेर टी-पाइप, वर जाळी लावलेला हवेचा पाइप, एवढं सगळं करूनही खर्च स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटच्या आसपासच येत होता. तयार प्लॅस्टिकची टाकी घ्यावी असंही ह्यांच्या मनात होतं. पण पलीकडच्या वाडीत एकानं ती पुरली, पाणी न भरता रिकामीच ठेवली, आणि पहिल्याच मोठ्या पावसात जमिनीतल्या पाण्यानं ती उचलून वर आणून ठेवली. घरमालक छत्री घेऊन तिच्याकडं बघत उभे होते म्हणे.

तेव्हा टाकी स्वस्तच. खरा प्रश्न टाकीच्या पुढं सुरू होतो. एक बादली आत गेली की दुसऱ्या तोंडानं एक बादली बाहेर येते, आणि ती जमिनीत जिरावी लागते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला सरकावं तसा तो कमी होत जातो खरा, पण जुलैत नाणे मावळातल्या जमिनीचंही पोट तुडुंब असतं. त्यात आमची जमीन भातखाचराची.

मावळातल्या कित्येक पिढ्यांनी ह्या जमिनीत पाणी जिरू नये म्हणून हाडाची काडं केली आहेत. बांध घातले, चिखलणी केली, औतामागं चालून चिखल असा मळला की खालच्या थरानं थेंब सोडू नये. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी तांदूळ अशाच साचलेल्या पाण्यात पाय रोवून उभा राहतो. त्या खाचरात शोषखड्डा खणायचा आणि वर म्हणायचं, आता जिरव! जमिनीला तोंड असतं तर तिनं आम्हाला चार शब्द सुनावले असते.

ते काम शेजारच्या आबांनी केलं. आखलेल्या फक्कीच्या रेषा ते बांधावर बसून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तुमी टाकी काढताय तिथं आमच्या ल्हानपणी म्हशी डुंबायच्या. आखाडात बेडकं अशी वरडत्यात की झोप न्हाई लागत.” आबांचा या विषयातला अधिकार मोठा आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, त्यानंतर गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ पहाटे रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. टमरेल घेऊन निघालेल्या आबांना अशाच एका पथकानं गुलाबाचं फूल दिलं होतं. “लग्नात बी कुनी दिलं न्हवतं,” असं ते अजून सांगतात. त्यानंतर त्यांनी घरामागं संडास बांधला, पण जागा मात्र पूर्ण एक पावसाळा बघून ठरवली.

आबा बोलले तरी ह्यांना आकडा हवा होता. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. फूटभर रुंदीचा खड्डा घ्यायचा, आदल्या दिवशी तो भरून माती पुरती भिजवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तासाच्या आत असेल तर उथळ चर खणून पाणी पसरून द्यावं. तासावर गेलं तर जमिनीत जिरवण्याचा नाद सोडावा. हे घड्याळ आणि वही घेऊन खाचरात स्टुलावर बसले. खड्ड्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत जिथल्या तिथं. तेवढ्या वेळात त्यात एक बेडूक मात्र राहायला आला.

वरच्या कोपऱ्यात, जिथं काहीच पिकत नाही म्हणून जमीन विकणाऱ्यानं आम्हाला तो तुकडा जवळजवळ फुकट घातला होता, तिथं मुरूम लागला. तिथं इंचभर पाणी पाऊण तासाच्या आत उतरलं. ह्यांनी आकड्याखाली लाल रेघ मारली. अर्थात पाणी फार झटपट उतरलं तरी हुरळून जायचं नसतं. मुरमाखाली मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, आणि पाषाणाला भेगा असतात. भेगेत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, ते सरळ विहीर गाठतं. म्हणून पिण्याच्या विहिरीपासून चर निदान साठ फूट लांब ठेवायचा.

आता अडचण एवढीच उरली की पाणी चढ चढत नाही. टाकी वर गेली म्हणून घरालाही तिच्या मागोमाग वर जावं लागलं. आराखड्यात बरोबर खिडकीच्या मध्यावर आलेला लोहगड निसटला आणि तिथं आंब्याचं खोड आलं. आमच्या एका वास्तुतज्ज्ञ नातेवाइकांनी फोन करून टाकी वायव्येलाच हवी असं बजावलं. वायव्येला म्हशी डुंबायच्या, असं मी त्यांना कळवलं. आर्किटेक्ट मुलगा समंजस होता. त्यानं घर सरकवलं आणि एवढंच म्हणाला, “काकू, संडासाभोवती घर बांधणारं गिऱ्हाईक मला पहिलंच भेटलं.”

चर दोन खणले, कमरेइतकेही खोल नाहीत. खाली खडी, मध्ये भोकाचा पाइप, वर पुन्हा खडी आणि माती. न्हाणीघराचं नि भांड्यांचं पाणी टाकीत न सोडता वेगळं काढलं, ते केळी, कर्दळ आणि अळवाला जातं. अळू इतका माजलाय की येईल त्याच्या हातात मी जुडी देते. पाहुणे अळू नेतात, त्याचं पाणी कुठलं हे विचारत नाहीत.

हा खटाटोप आमच्यापुरताच असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. पण बांधाखालचा ओढा इंद्रायणीला मिळतो, आणि इंद्रायणी खाली देहू-आळंदीला जाते. आळंदीच्या फेसाळलेल्या पाण्याचे फोटो पेपरात येतात, तेव्हा आपण कारखान्यांना आणि शहरांना नावं ठेवतो. ठेवावीतच. पण लोणावळ्यापासून खाली जेवढे बंगले आहेत, त्यांच्यातल्या तळ नसलेल्या टाक्याही याच खोऱ्यात आहेत, हे आपण धुकं बघताना विसरतो.

देहूतच या विषयातला फार मोठा माणूस होऊन गेला. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या आसपास सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून तिथं आले. पोटाच्या विकारांचे तेच ते रोगी बघून त्यांनी औषधांच्या जोडीला संडासाचा नाद घेतला. लोकांना कसंबसं पटवून पहिले काही संडास बांधून घेतले, तर ते पावसाळ्यात खचले. गाव काय म्हणालं असेल याची कल्पना करता येते. डॉक्टर मात्र माती आणि पाणी समजून घ्यायला बसले. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीत केलेले प्रयोग त्यांनी पुढं नेले, मैल्यावर चालणारा ‘मलप्रभा’ गॅस प्रकल्प रचला, आणि आयुष्य देहूतच काढलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूचं नाव घेताना पहिल्यांदा आठवावं असं तिथं दुसरं कुणी आहे हे खरंच, पण दुसऱ्यांदा तरी मापुसकरांना आठवायला हरकत नाही.

पैसे आमच्याहून कमी असतील आणि जमीन कोरडी असेल, तर टाकीचीही गरज नाही. दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. एक भरला की दुसरा सुरू करायचा, आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं विसरून जायचं. उघडाल तेव्हा आत कोरडं, वास नसलेलं सोनखत असतं. स्वच्छ भारत मिशनमध्ये यासाठी पात्र कुटुंबाला १२,००० रुपये मिळत आले आहेत. लोकांचा विश्वास बसत नव्हता म्हणून केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरले आणि हातानं ते खत बाहेर काढलं. केंद्राचा सचिव खड्ड्यातून हसत वर येतोय, असा फोटो आपल्या देशात विरळाच.

टाकीत मात्र कुणी उतरायचं नाही. आतला वायू क्षणात जीव घेतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरी बातम्या येतच असतात. म्हणून झाकणावर फरशी लावून वर तुळशीवृंदावन बांधू नका, आणि उपसणाऱ्या टँकरचा पाइप पोचेल एवढी वाट ठेवा. ह्यांनी त्यासाठी फाइलमध्ये नवं पान घातलंय. फाटकाचं कुलूप आता एकटंच ‘इतर किरकोळ’मध्ये आहे.

मावळात जागा बघायला जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊ नका. उन्हाळ्यात सगळ्याच जमिनी गुणी दिसतात. आखाडात जा. गमबूट घाला, बरोबर कुदळ, बादली, पट्टी आणि घड्याळ न्या, आणि एजंट लोहगड दाखवत असेल तेव्हा खाली खड्ड्यात बघा. तासाभरात पाणी इंचभरही हललं नाही, तर चहा पिऊन त्याचे आभार माना आणि दुसरी जागा बघा.