ज्यांच्या हाताला चव नाही

१९७० साली महाराष्ट्रात दोन गोष्टी कागदावर उतरल्या. मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नकाशा बघून अख्खं शहर उभं करता येतं, असं सरकारने ठरवलं. त्याच वर्षी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि पुस्तक बघून अख्खा स्वयंपाक उभा करता येतो, असं नव्या सुनांना कळलं. जाणत्या मुंबईकरांनी दोन्हींवर नाक मुरडलं. शहर असं आखून होत नसतं, ते आपोआप वाढावं लागतं. आणि हाताला चव पुस्तकातून येत नसते, ती जन्मावी लागते.

मी या दोन्ही प्रयोगांचा माल आहे. वाशीतल्या सिडकोच्या घरात, ‘रुचिरा’ बघून केलेल्या आमटीवर वाढलो. घराला ओल यायची. आमटी मात्र पहिल्यापासून ठीक होती.

आई लग्नानंतर गिरगावातून वाशीला आली. खाडीपूल १९७३ मध्ये झाला होता, पण रेल्वे यायला १९९२ उजाडायचं होतं. गिरगावच्या चाळीत कोणतीही सून एकटीने फोडणी करत नसे. ती फक्त कढई ठेवायची. तेल पुरेसं तापलेलं नाही हे शेजारच्या खोलीतल्या काकूंना नुसत्या आवाजावरून समजायचं आणि भिंतीपलीकडून हुकूम यायचा, ‘मोहरी तडतडू दे गं आधी!’ वाशीत भिंती होत्या, पण भिंतीला तसे कान नव्हते. समोर तमिळ मामी, वर सरदारजींचं कुटुंब, खाली केरळी नर्सबाई. आईची मोहरी तडतडली काय नि न तडतडली काय, कोणाला सोयरसुतक नव्हतं. म्हणून ओट्यावर, तेलाच्या बरणीला टेकून, ‘रुचिरा’ कायम उघडं. त्यात सगळी मापं वाटी आणि चमच्याची. आईने एक वाटी त्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. तिला ‘पुस्तकाची वाटी’ म्हणत. त्या वाटीतून कोणी आमरस खाल्ला तर घरात दंगल उसळायची.

वर्षभरात मामी आईकडून पुरणपोळी शिकल्या आणि आई त्यांच्याकडून सांबार. वरच्या आंटींनी दोघींना छोले शिकवले. आईचं सांबार आमच्या नातेवाइकांना इतकं आवडायचं, की ‘तुझ्या हातालाच चव आहे’ असं सर्टिफिकेट तिला दर गणपतीत मिळे. यात मामींचं नाव निघत नसे, कमलाबाईंचंही नाही.

हे सर्टिफिकेट देण्यात आमचा काका आघाडीवर. काका बँकेतून निवृत्त झाला, नेरूळला राहतो. स्वयंपाकात तो पडतो तो ताट पुढे ओढण्यापुरता. मात्र स्वयंपाकाच्या तत्त्वज्ञानात त्याचा हात धरणारा कोणी नाही. ‘पाककला ही उपजतच असावी लागते,’ हे त्याचं लाडकं मत. ‘आता माझ्या हाताला नाही चव, तर मी उगाच कशाला अन्नाची नासाडी करू?’ इतक्या विनयाने हे वाक्य म्हटलं जातं, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस समाजावर उपकार करतोय.

मी एकदा त्याला सांगितलं, ‘काका, ज्यांच्या पुस्तकावर महाराष्ट्रातल्या इतक्या पिढ्या जेवल्या, त्या कमलाबाई सांगलीकडच्या कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक त्या लग्नानंतर सासूच्या हाताखाली शिकल्या.’

‘असेल. पण त्या सासूच्या हाताला चव असणार.’

‘आणि सासू कोणाकडून शिकली?’

‘तिच्या सासूकडून. ती तर सुगरणच असणार!’

अशा रीतीने आम्ही शिवकालापर्यंत मागे गेलो. तिथे काकूने जेवायला वाढलं म्हणून थांबलो.

दुसऱ्या खेपेला काकाने थेट महाभारत काढलं. नळराजाला स्वयंवराच्या वेळी देवांनी वर दिले, त्यात यमाने त्याला अन्नाची गोडी दिली. पुढे राज्य गेलं, रूप गेलं, बाहुक या नावाने तो ऋतुपर्णाकडे राहिला, तरी त्याने शिजवलेल्या पदार्थाचा घास चाखताच दमयंतीने त्याला ओळखलं. ‘याला म्हणतात हाताची चव!’ काका म्हणाला. मला ही गोष्ट काकाच्या बाजूची वाटत नाही. दमयंतीच्या दासीने नळाचं स्वयंपाकघर चोरून पाहिलं, तेव्हा त्याने नुसतं बघितलं की भांडी आपोआप पाण्याने भरत आणि गवताची काडी उन्हात धरली की पेटे. मोरबे धरणाचं पाणी असं नुसत्या नजरेने ओट्यावर येणार असेल आणि गॅस सिलिंडरचा नंबर लावावा लागणार नसेल, तर चांगली आमटी मीही करीन. आणि त्याच महाभारतात भीम आहे. त्याला यमाने काही दिलं नव्हतं. अज्ञातवासाची वेळ आली तेव्हा हातात पळी घेऊन तो विराटाच्या दरबारात गेला, बल्लव हे नाव सांगितलं आणि वर्षभर मुदपाकखाना सांभाळला. राजघराण्यातला पुरुष, गदा चालवणारा, नोकरी लागताच पळी चालवू लागतो. ‘त्याला खाण्याची आवड होती, म्हणून जमलं,’ काका म्हणाला. काकू आतून म्हणाली, ‘मग तुमचं कुठे अडलंय?’

काकाच्या म्हणण्यात तथ्य अजिबातच नाही असं नाही. जीभ जन्मजात असते, याला पुरावा आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली. बाजूचा सहकारी ओरडला, ‘केवढी कडू आहे!’ फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी आणखी चाखून पाहिली. एकाला जहर, दुसऱ्याला माती. मग दिसेल त्याला ती चाखायला देण्यात आली आणि सगळी माणसं या दोन जातींत विभागली गेली. पुढे कळलं, हा फरक आईबापांकडूनच येतो. आमच्या घरी हा शोध कारल्याच्या भाजीवर रोज लागत होता, पण नोंद ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

काकाची जीभ तर विलक्षण आहे. एका घासात तो हिंग बदलल्याचं ओळखतो. भात कालचा की परवाचा, नारळ ओला की गोट्याकडे झुकलेला, तुरीच्या डाळीत मसूर किती, सगळं सांगतो. पण ही जीभ घेऊन त्याला ओट्यासमोर उभं केलं तर पाणी उकळलं की नाही, हे तो काकूला विचारतो. जीभ त्याच्या आईकडून आली. हात मात्र कोणी धरून शिकवला नाही, कारण तो मुलगा होता.

उपजत म्हणजे नेमकं काय, ते मला दिवाळे गावातल्या मावशींनी दाखवलं. हल्ली मी बेलापूरला राहतो. मावशी आमच्याकडे बोंबील, कोळंबी घेऊन येतात. नशीब फळफळलं तर जिताडा. त्यांची तांदळाची भाकरी मी त्यांच्या घरी खाल्ली आणि शिकवा म्हणून मागे लागलो. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात लावून थापायची. मावशींची बोटं परातीत अशी फिरत होती की भाकरीच त्यांना फिरवतेय असं वाटावं. कडेला ना भेग, ना जाडपणा. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फुगली. मी माझी थापली. तिच्या कडा बघून मावशींना कोकणचा किनारा आठवला असावा, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, ‘मावशी, हे तुम्हाला जन्मतःच येत असणार.’

‘जन्मतः?’ मावशी हसल्या. ‘अरं, जन्माला आले तवा मला रडाला पन येत नव्हता. सुईनीनं उलटा धरून मारला, तवा रडले.’

मग कळलं, की त्यांची आई भाकऱ्या करताना यांच्या हातात खेळायला पिठाचा गोळा द्यायची. त्याची बाहुली व्हायची, होडी व्हायची, मग कधीतरी भाकरी. गावात लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका वडे करायला जमत. पोरी कडेला बसून पुऱ्या लाटल्यासारखं काहीतरी करत आणि मार खात. उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या आल्या की देठ खुडायचं काम पोरींकडे. ‘कदी शिकले’ हे मावशींना आठवतच नाही. आठवायला लागायच्या आत शिकून झालं होतं. आपण त्यालाच उपजत म्हणतो आणि मोकळे होतो.

मोकळे होण्यात फायदा असतो. उपजत गोष्टीचे पैसे द्यावे लागत नाहीत. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचंच बघा. एकेका खोलीत पाच-दहा गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण, तेही पाळी सांभाळून. मीठ जास्त झालं तर एक नवरा नाही, अख्खं खातं तक्रार करायचं. याहून कडक शिक्षण कोणत्या महाविद्यालयात मिळतं? पण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज याच्यापलीकडे या बायकांना पत नव्हती. काय तारण ठेवणार, हाताची चव? १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली आणि बायकांनी ती फेडली. मंडळाचं केंद्र पुढे आमच्या वाशीतही आलं. तिथून जाताना मला काकाच्या बँकेची आठवण होते. आणि मुलांचं काय? दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने निघालं. तिथून उंच पांढऱ्या टोप्या घालून जे तरुण बाहेर पडले, त्यांना प्रवेशाच्या वेळी कोणी ‘बाळा, हाताला चव आहे का?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. गुण विचारले. पुढे पगार विचारला.

आता बहिणाबाईंची क्षमा मागून एक बोलतो. पावसाळ्यात पनवेलकडे शिंदीच्या झाडांवर सुगरणीचे खोपे लोंबतात. ते नर बांधतो. अर्धा खोपा झाला की तो पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत डोकावते, ओढून बघते, पसंत पडलं तर राहते, नाहीतर उडून जाते. तो बिचारा ते अर्धवट टाकून दुसरा विणायला घेतो. त्याच्या आफ्रिकेतल्या चुलतभावांवर निकोलस आणि एल्सी कोलियस या दांपत्याने साठच्या दशकात अभ्यास केला. ज्या पिल्लांना लहानपणी विणायला गवतच मिळू दिलं नाही, त्यांना मोठेपणी धड विणता येईना. उत्साह उपजत, गाठ सरावाची. मी हे काकाला सांगितलं. तो म्हणाला, ‘पक्ष्यांचं वेगळं असतं. त्यांच्यात पेन्शन नसते.’

मला स्वतःला या वादात न्याय मिळालेला नाही. मी बऱ्यापैकी स्वयंपाक करतो. माझी मिसळ चांगली झाली की नातेवाईक म्हणतात, ‘आईचा हात आलाय हं!’ बिघडली की म्हणतात, ‘कशाला नसते उद्योग करतोस?’ जमलं की ते रक्तातलं, फसलं की माझं. बायको रोज करते, तिला दोन्हीही ऐकावं लागत नाही. तिच्या पोळीकडे लक्ष जातं ते फक्त ती माहेरी गेल्यावर.

गेल्या हिवाळ्यात काकू नातीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेली. काकाचा डबा सुरू केला, पण डबेवालीच्या हाताला चव नव्हती. मग एके दिवशी त्याने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि यूट्यूबवरच्या एका बाईच्या आज्ञेत पिठलं केलं. बाई ‘गुठळ्या होऊ देऊ नका’ म्हणाली की व्हिडिओ थांबवायचा, गुठळ्या मोडायच्या, पुन्हा चालू करायचा. आधी पिठल्याच्या वड्या झाल्या, पुढे कढी झाली, मग पिठलं झालं. मला मुद्दाम जेवायला बोलावलं. खरोखर झकास होतं. लसणाची फोडणी तर काकूपेक्षा सरस. त्याच रात्री त्याने व्हिडिओ कॉल लावून कढई कॅमेऱ्यासमोर धरली.

‘बघ,’ काका म्हणाला. ‘हे आमच्या घराण्यातच आहे. आमची आजी अशीच करायची. हात आलाय तिचा माझ्यात.’

‘मग इतकी वर्षं कुठे होता तो हात?’ काकूने विचारलं.

‘संधीच मिळाली नाही गं.’

काकू क्षणभर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला : परतीचं तिकीट दोन महिने पुढे ढकललं आहे.