चित्रपट न काढता दिग्दर्शक कसे राहावे

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात राहणाऱ्या होतकरू दिग्दर्शकाची अवस्था सध्या फार नाजूक आहे. चित्रपट न काढण्याची एकही धड सबब त्याच्यापाशी उरलेली नाही. सातपाटीचं बंदर, केळव्याच्या वाड्या, शिरगावचा किल्ला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या आणि डोंगराकडचे पाडे, सगळं एका टाकी पेट्रोलात उरकतं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते आहे, त्यामुळे मुंबई लांब पडते असंही म्हणता येत नाही. खिशातला फोन ४के चित्रीकरण करतो. अशा परिस्थितीत एखाद्या रविवारी माणसाच्या हातून चुकून लघुपट होऊन जाण्याचा धोका असतो, आणि एकदा तो झाला की लोक बघणार, बघितला की बोलणार. काढलेला चित्रपट वाईट निघू शकतो. न काढलेला चित्रपट मात्र कायम उत्तमच असतो, आणि त्याच्यासाठी घेतलेल्या सामानाच्या पावत्या हा त्या उत्तमपणाचा लेखी पुरावा असतो. ज्यांना दिग्दर्शक म्हणवून घ्यायचं आहे पण ही जोखीम नको आहे, त्यांच्यासाठी पुढची पद्धत सांगतो.

प्रथम कॅमेरा घ्यावा. गोष्ट कोणती सांगायची हे आधी ठरवू नये. ठरवलं की कोणता कॅमेरा पुरेल हे कळतं आणि तिथेच खरेदी आटोपते. फुल-फ्रेम बॉडी घेतली की तिला शोभेलशी लेन्स लागते. लेन्स आली की जून येतो. आपल्या किनाऱ्याची खारी, दमट हवा महिन्याभरात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, म्हणून आर्द्रता दाखवणारं काटेवालं ड्राय कॅबिनेट घ्यावं. (तांदळाचा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांनीही काम भागतं, ही माहिती कोणालाही देऊ नये.) मग चालता-फिरता कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल. गिंबल घेतल्यावर त्याचा तोल साधण्यात दुपारच्या दुपार जाव्यात: लेन्स बदलली की पट्टी दोन मिलिमीटर मागे, फिल्टर लावला की आणखी एक मिलिमीटर मागे, तिन्ही स्क्रू पुन्हा ढिले, पुन्हा घट्ट, आणि कॅमेरा सोडला की त्याने हळूच नाक खाली घालावं. या कामात हात, डोळे आणि संयम तिन्ही गुंततात. चित्रीकरण केल्याचा थकवाही येतो. चाचणी म्हणून चिंचणीच्या सुरूच्या बनात लाटांचं स्लो मोशन घ्यावं. ते लॉग प्रोफाइलमध्ये घ्यावं, म्हणजे फिकट दिसतं आणि रंगसंस्कारासाठी नवा लॅपटॉप लागतो. ड्रोनही घ्यावाच. तारापूरला घराच्या गच्चीवरून अणुवीज केंद्र दिसतं, तेव्हा तो उडवण्याचा विचारसुद्धा करता येत नाही. म्हणजे खरेदी झाली आणि वापराचा प्रश्न कायमचा मिटला. याहून आदर्श वस्तू आमच्या माहितीत नाही.

या मार्गातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे दादासाहेब फाळके. वरवर पाहता ते आपल्याच पंथातले वाटतात. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली हा माणूस लंडनला गेला, आणि विल्यमसनचा कॅमेरा, छपाईचं यंत्र, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र अशी खरेदी ठरवून आला. इथवर वर्तन निर्दोष आहे. घोटाळा पुढे झाला. परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत रोप उगवून वाढेपर्यंतचं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. हाताने फिरवायचा तो कॅमेरा सहसा एका जागी उभा राहूनच काम करायचा, आणि फाळक्यांनी असा विषय शोधला ज्यात कॅमेऱ्याने जागचं हलायचंच नव्हतं. यंत्राला जे जमत होतं, त्यातच कल्पना बसली. भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कारण कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. ते चालवायला सरस्वतीबाई रात्री अंधारात बसत. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू त्या घरात राबत होती. आमच्या शिष्यांनी हा प्रसंग वाचू नये.

मालेगावचे नासिर शेख तर याहून घातक. यंत्रमागाच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने २००० साली मित्रमंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला आणि त्याची जुळवाजुळव फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात सगळ्यांना बघायला मिळते. ट्रॉली हवी तर सायकल, क्रेन हवी तर बैलगाडी. हे बघून आपल्याकडे लोक हसतात, ‘जुगाड’ म्हणतात आणि विषय संपवतात. तसंच करत राहावं. थोडं थांबून पाहिलं तर लक्षात येतं, की बैलगाडी शोधायला निघालेल्या माणसाला शॉट कुठून सुरू होऊन कुठे संपायला हवा हे आधीच ठाऊक होतं. क्रेन विकत घेणाऱ्याला ते ठाऊक असावं लागत नाही. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आसामात रीमा दास यांनी स्वतः लिहून, स्वतः चित्रित करून, स्वतः संकलित केलेला ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. या मंडळींनी सामान थोडं ठेवलं, त्यामुळे त्यांच्यापाशी वेळ शिल्लक राहिला आणि वेळ शिल्लक राहिल्यामुळे पुढचं सगळं घडलं.

आता आक्षेप. जाणकार शिष्य म्हणतील की साधनांना काहीच महत्त्व नाही असं कसं. ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग घ्यायला कुब्रिकने नासासाठी बनवलेली झाइसची एफ ०.७ लेन्स वापरलीच की. आक्षेप खरा आहे, आणि आमच्या पद्धतीला उपयोगी पडेल असं वाटतंही. पण तपशील उलटा निघतो. कुब्रिकला मेणबत्तीचा प्रसंग आधी हवा होता; तेवढ्या उजेडात काम करणारी लेन्स त्यासाठी शोधावी लागली. आपण लेन्स आधी घेतो आणि मग मेणबत्ती लावून पाठची बत्ती किती धूसर दिसते ते बघतो. दुसरा आक्षेप असा, की फोनवर काढलेले चित्रपट ही निव्वळ जाहिरातबाजी असते, त्यांच्यामागेही महागडी जोडणी असते. बऱ्याचदा असतेच. शॉन बेकरच्या ‘टँजरीन’ला आयफोन ५एससोबत खास अनामॉर्फिक काच जोडलेली होती. पण ती काच ज्या रस्त्यावर वापरायची, तो रस्ता आणि तिथली माणसं त्याला आधी सापडली होती. तेव्हा साधन लागतं हे मान्य. पण किती लागतं, हे गोष्ट सांगते. दुकानदार सांगतो ते वेगळं.

तिसरा आक्षेप सगळ्यात बळकट आहे: आजचा प्रेक्षक ओटीटीवर बघून सोकावलाय, त्याला खराब तांत्रिक दर्जा चालत नाही. हेही खरं, मात्र त्याला काय चालत नाही हे तपासावं. थोडं हललेलं, दाणेदार चित्र तो खपवून घेतो. ऐकू न येणारा संवाद तो अर्ध्या मिनिटात बंद करतो. चिंचणीच्या किनाऱ्यावर वारा असा वाहतो की केसाळ टोपी न घातलेल्या माइकवर फक्त फडफड उमटते, आणि बोईसर स्थानकाजवळ मालगाडी कुठल्या वाक्यावर येईल याचा नेम नसतो. गरज म्हणून खरेदी होत असती, तर लाखाच्या बॉडीआधी काही हजारांचा माइक आणि रेकॉर्डर घेतला गेला असता. प्रत्यक्षात बॉडी येते, आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला जातो. माइक गळ्यात अडकवून मिरवता येत नाही. म्हणून आमचा नियम: माइक सोडून सगळं घ्यावं.

एवढं करूनही आपला परिसर मोहात पाडतो, त्यापासून सांभाळून राहावं. वाणगाव-चिंचणी भागात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर एक मान वाकलेली, हातात छिन्नी, आणि टेबलावरच्या एकाच दिव्याचा उजेड बोटांवर. हा प्रसंग दिवा लावूनच ठेवलेला आहे, सॉफ्टबॉक्सची गरज नाही. तिकडे फिरकू नये. तिसरी पाळी सुटल्यावर एमआयडीसीच्या फाटकातून बाहेर पडणारे, कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी ओडिशाचा, कोणी विक्रमगडच्या पाड्यावरचा, त्यांच्याशी चहा पिताना बोलू नये, कारण बोललं की पटकथा सुचते. याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालं. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. हा किनारा आज जसा आहे तसा पुढे चित्रित करता येणार नाही, ही गोष्ट एखाद्याला अस्वस्थ करू शकते. त्याने ८के कॅमेऱ्याचा भाव उतरण्याची वाट बघावी. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे मातकट पार्श्वभूमीवर एकच पांढरा रंग वापरून २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोचले. त्यांचं नाव निघालं की विषय बदलून लेन्सच्या काचेवरच्या लेपनाकडे न्यावा.

शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. भाड्याने काहीही घेऊ नये. अंधेरीत कॅमेरा, लेन्स, दिवे, आवाजाचं सामान दिवसाच्या भाड्याने मिळतं, आणि तिथेच घात होतो. भाड्याच्या कॅमेऱ्याला परत करायची तारीख असते. ती आली की माणूस तीन दिवसांत जे सुचेल, जसं जमेल तसं चित्रित करून मोकळा होतो आणि हातात एक चित्रपट उरतो. विकतच घ्या, आणि शक्यतो हप्त्याने घ्या. हप्ते फिटेपर्यंत नवं मॉडेल आलेलं असतं.