अर्जात सगळं आहे, काम नाही

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात बायोडाटा वाचायला वेगळं माणूस ठेवत नाहीत. जी बाई हजेरी बघते, पगारपत्रक करते, पीएफची चलनं भरते, तिच्याच टेबलावर अर्ज येऊन पडतात. आमच्याकडे ती बाई मी आहे. माझ्या तक्रारी बारीकसारीक आहेत, पण त्या रोजच्या आहेत आणि त्यांच्यापायी चांगली कामाची पोरं घरी बसून राहतात. म्हणून त्या एकदा नीट लिहून काढते.

पहिली तक्रार झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या फाइलीची. बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जा, त्याच्या कॉम्प्युटरवर एक बायोडाटा तयार असतो. गिऱ्हाईक आलं की नाव, पत्ता, जन्मतारीख बदलायची आणि प्रिंट काढून हातात द्यायची. बाकीचा मजकूर हलत नाही. नामांकित संस्थेत आव्हानात्मक काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा फिटरच्याही अर्जात असते, अकाउंटंटच्याही आणि गेटवरच्या गार्डच्याही. गुण म्हणजे मेहनती, प्रामाणिक, सकारात्मक. छंद म्हणजे क्रिकेट आणि गाणी ऐकणे. मुलीच्या अर्जात ‘सन ऑफ’ तसंच राहून जातं. तळाशी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र, स्थळ नागपूर, दिनांकाची जागा कोरी आणि सहीचीही कोरी.

दुकानदाराला मी काही म्हणत नाही, तो टायपिंगचे पैसे घेतो आणि टायपिंग करून देतो. राग येतो तो तीन-चार वर्षं फी घेऊन या मुलांना एक तास समोर बसवून ‘तू काय काय केलंस ते सांग, आपण लिहू’ एवढंही न म्हणणाऱ्या कॉलेजांचा.

मग येतो घरचा तपशील. वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, आईचं नाव, भाऊ-बहीण किती, उंची, रंग, रक्तगट, धर्म, जात, अविवाहित. हे अर्धं पान लग्नाच्या स्थळासाठी ठीक आहे. मला लेथवर माणूस पाहिजे असतो. त्याच्या बहिणीचं लग्न झालं की नाही हे मला कळून काय करायचं?

धर्म आणि जात आपणहून लिहू नये, याला माझ्याकडे चांगलं कारण आहे. डॉ. सुखदेव थोरात आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवून पाहिले, फरक फक्त नावांचा ठेवला. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावांपेक्षा दलित नावांना कमी बोलावणी आली आणि मुस्लिम नावांना त्याहून कमी. हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोमध्ये गोऱ्या आणि काळ्या नावांचं असंच निघालं होतं. आडनाव कुणाला लपवता येत नाही, लपवूही नये. पण वाचणाऱ्याच्या मनातल्या खोटीला आपण होऊन आणखी दोन ओळी कशाला पुरवायच्या? सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. तिथे प्रवर्ग विचारतात आणि तो लिहायचाच, तो हक्काचा आहे.

नाव मात्र नीट लिहा, ही माझी विनंती पीएफ भरणारी बाई म्हणून आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, आणि बायोडाट्यात चौथाच प्रकार. पीएफचा यूएएन आधारशी जुळावा लागतो. जुळला नाही की दुरुस्तीसाठी त्या मुलालाच हेलपाटे पडतात. जसं आधारवर आहे तसंच अर्जावर लिहिलं की हे टळतं.

आता मुख्य तक्रार. अर्जात सगळं असतं, फक्त माणसानं केलेलं काम नसतं.

पारडीची एक मुलगी बिलिंगच्या जागेसाठी आली होती. बी.कॉम. अर्जात लिहिलं होतं, ‘अनुभव: दीड वर्ष, ऑफिस वर्क.’ बाजूला ठेवण्यासारखाच कागद होता. ती समोर बसली म्हणून विचारलं, ऑफिस वर्क म्हणजे काय करत होतीस? ती म्हणाली, कळमन्यात अडत्याच्या दुकानात होती. मग एकेक निघत गेलं. संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला की पहाटे गाड्या लागतात. लिलाव झाला की शेतकऱ्याची हिशेबपट्टी करायची, भावातून हमाली, तोलाई, भाडं वजा करून. शेतकरी समोर उभा असतो, त्याला गावची गाडी धरायची असते, त्यामुळे चूक करून चालत नाही आणि उशीरही करून चालत नाही. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या टॅलीत चढवायच्या आणि रोकड जुळवूनच घरी जायचं. मृग बहारात पुन्हा तेच. व्यापाऱ्यांकडची उधारी ती फोनवरून वसूल करत होती.

मी म्हटलं, हे अर्जात काऊन नाही लिहिलं?

‘मॅडम, ते तं दुकान होतं नं. त्यात काय लिहायचं?’

मला ह्या उत्तराचा फार त्रास होतो, कारण ते नेहमीचं आहे. आपल्या पोरांना वाटतं की एसी ऑफिस, गळ्यात ओळखपत्र आणि ऑफर लेटर असेल तरच ते काम. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात सांभाळलेला स्टॉक लिहीत नाहीत. आईच्या खानावळीचा हिशेब लिहीत नाहीत. त्या मुलीनं तीन ओळी लिहायच्या होत्या: कळमना बाजारात अडत दुकानात दीड वर्ष, हंगामात शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आणि टॅली नोंदी, रोजची रोकड आणि उधारी वसुली. एवढं वाचून कुठल्याही कारखान्याच्या मालकानं तिला लगेच बोलावलं असतं. ती आमच्याकडे लागली ती समोर बसली म्हणून. ज्यांचा अर्ज ईमेलनं येतो त्यांना समोर बसायची संधीच मिळत नाही.

आयटीआयच्या मुलांचं याहून वाईट. ‘वेल्डर, अनुभव ३ वर्षे.’ अरे बावा, कुठलं वेल्डिंग? आर्क, मिग की टिग? प्लेटवर की पाइपवर? ज्यानं ६जी पोझिशनची टेस्ट पास केली आहे, म्हणजे तिरका बसवलेला पाइप न फिरवता चारी बाजूंनी जोडून दाखवला आहे, त्यानं ते पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे. तो ते लिहीतच नाही, क्रिकेटची आवड लिहितो. सीएनसीवाले ‘ऑपरेटर’ लिहून मोकळे होतात. फक्त जॉब लावून बटण दाबता येतं, की सेटिंग, टूल ऑफसेटही येतो? कंट्रोल फॅनुकचा होता की सीमेन्सचा? ड्रॉइंग वाचता येतं का, मायक्रोमीटर हातात घेतला आहे का? आमच्याकडे पगार ह्याच गोष्टींवर ठरतो.

तारखांचाही घोळ असतो. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी. हिवाळीचा निकाल पुढच्या वर्षात लागतो, मुलगा अर्जात परीक्षेचं वर्ष लिहितो आणि गुणपत्रिकेवरची तारीख वेगळी दिसते. वाचणाऱ्याला वाटतं मधे एक वर्ष गेलं कुठे. ‘हिवाळी २०२२, निकाल २०२३’ असं लिहिलं की संशय उरत नाही. आणि ७.४२ असं नुसतं लिहू नका, दहापैकी ते लिहा.

मराठीतून अर्ज करणारे बहुतेक जण शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतीकडे अर्ज करतात. ते कृतिदेवमध्ये टाइप करून फाइल तशीच मेल करतात. कृतिदेवात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळ्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास दिसते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, फुकट आहे, मोबाइलवर आपण त्यातच बोलतो. तरी सगळं पाठ असलेला टायपिस्ट कृतिदेव सोडत नाही आणि त्याचा भुर्दंड उमेदवाराला बसतो. निदान पीडीएफ करून पाठवा.

मिहानच्या मोठ्या कंपन्यांसाठी तयारी करणाऱ्या पोरांना उलटा रोग लागला आहे. दोन कॉलम, रंगीत पट्टी, कौशल्यापुढे पाचपैकी चार तारे, फोन नंबर एका चित्रात. मोठ्या ठिकाणी अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला साधा मजकूर कळतो. दोन कॉलमांतल्या ओळी ते एकमेकींत मिसळू शकतं आणि चित्रातला नंबर त्याला दिसेलच असं नाही. जावामध्ये चार तारे म्हणजे किती हे तर माणसालाही कळत नाही. जावात काय बनवलं ते लिहा.

आमच्या बाजूच्या लोकांनाही सोडणार नाही. ‘त्वरित पाहिजे, अनुभवी, पगार योग्यतेनुसार, समक्ष भेटा’ अशी जाहिरात देणाऱ्याला नेमका अर्ज मागायचा अधिकार नाही. शिफ्ट कोणती, ओव्हरटाइम मिळतो का, पगार किती ते किती, बस किंवा मेट्रोच्या कुठल्या स्टेशनापासून किती लांब, हे लिहायला दोन ओळी पुरतात. काटोलहून कुणी मुलगा भाडं खर्चून येतो आणि इथे आल्यावर त्याला कळतं की पहिली शिफ्ट सकाळी सातची आहे. नाकारलेल्याला तसं कळवायचंही कुणी मनावर घेत नाही. मी कळवते, व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून.

शेवटचं राहिलं फोनचं. अर्जावरचा नंबर झेरॉक्सच्या दिवशीचा असतो, सिम नंतर बदललेलं असतं, किंवा रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालेलं असतं. ईमेल मोठ्या भावानं शाळेत असताना उघडून दिलेला, पासवर्ड त्यालाच माहीत. मी सकाळी अकराच्या सुमारास फोन लावते आणि बाई सांगते की हा क्रमांक सेवेत नाही. म्हणून दोन नंबर द्या, एक आपला आणि एक घरात जो माणूस फोन उचलतोच त्याचा. आणि अनोळखी नंबर दिसला तरी उचला.