साडीगार्ड उतरवण्यापूर्वी

रेस बॉडीवर्क, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत रेस किट, हे मोटारसायकलच्या मूळ प्लास्टिकच्या जागी बसवायचं फायबरग्लासचं आवरण असतं. त्यात पुढचा तोंडाचा भाग, दोन बाजू, इंजिनाखालची बेली पॅन आणि मागची एकट्याची सीट एवढंच येतं. हेडलाइटला, इंडिकेटरला, आरशांना त्यात जागा नसते आणि मागे बसणाऱ्या माणसाला तर नसतेच. याउलट 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की, मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं मागचं चाक झाकणारी जाळी हवी. त्यामुळे गुडघा टेकवून वळण घेण्यासाठी घडवलेल्या यंत्रावरही कारखाना निष्ठेने साडीगार्ड बसवून देतो. रेस किटचा विचार बहुधा या साडीगार्डाकडे टक लावून पाहतानाच सुचतो.

रेस किट घ्यावं की नाही, हा प्रश्न भारतात फार जुना नाही. 2008 मध्ये यामाहा आर15 आली आणि 2014 मध्ये चाकणला बनणारी केटीएम आरसी 390, तेव्हा पगारदार माणसाच्या आवाक्यात ट्रॅकला शोभेल अशी गाडी आली. आरसी 390 तर जर्मनीत तरुण रेसरांच्या स्पर्धेत धावली. ट्रॅकसाठी मात्र मराठी स्वाराला लांब जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला 1990 पासून चालू असलेला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडात 2011 चा पाच किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट. ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस, ही शर्यत नव्हे. तिथे बक्षीस नसतं, क्रमांक नसतो. तरी संध्याकाळी प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचा एक क्रमांक असतो आणि तो सहसा पहिल्या तिघांतला असतो.

रेस किटच्या बाजूने पहिला युक्तिवाद हवेचा केला जातो. त्यात इतिहासाचं बळ आहे. 1950 च्या दशकात युरोपातल्या रेसच्या गाड्या पुढचं अख्खं चाक पोटात घेणारी आवरणं घालून धावत. आडव्या वाऱ्यात त्या भरकटत, म्हणून 1957 चा मोसम संपल्यावर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघटनेने ती आवरणं बंद केली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात, हेही खरं. पण मूळ प्लास्टिकचा आकार याच हिशेबाने काढलेला असतो आणि रेस किट त्याच आकाराचं पाठांतर करतं. फरक पडतो तो मुख्यतः आरशांचा, आणि आरसे दोन स्क्रू काढून उतरवता येतात. शिवाय हवेच्या वाटेतली सगळ्यात मोठी वस्तू गाडीवर बसलेली असते. कोपरं बाहेर, मान वर आणि नजर पुढच्या वळणावर चिंतेने खिळलेली, अशा बैठकीपुढे जगातलं कुठलंही फायबर हतबल आहे.

दुसरा युक्तिवाद वजनाचा. हेडलाइट, नंबर प्लेटचा दांडा, मागची सीट, साडीगार्ड हे सगळं गेलं की गाडी काही किलोंनी हलकी होते, यात वाद नाही. पण नव्या आरसी 390 च्या टाकीत 13.7 लिटर पेट्रोल मावतं आणि एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं. टाकी अर्धीच ठेवली तर पाच किलो फुकटात वाचतात. दिवाळीनंतरच्या ट्रॅक डेला तर वजनाचा विषय स्वारांनी आपसात काढूच नये.

खरा मुद्दा तिसरा आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. रेस किट हे पडण्यासाठी असतं. ट्रॅकवरचं नेहमीचं पडणं म्हणजे लो-साइड: वळणात टायर सुटतं, गाडी आतल्या बाजूला आडवी होते आणि स्वाराच्या पुढे पुढे घसरत जाते. स्वाराला लेदर सूट असतो, गाडीला कारखान्याचं रंगवलेलं प्लास्टिक. ते नुसतं खरवडलं तर एक वेळ चालतं, पण आत पकडणारे बारीक कान मोडतात आणि एक कान मोडला की अख्खं पॅनल नवीन घ्यावं लागतं. एलईडी हेडलाइट फुटला तर बल्ब बदलून भागत नाही, सगळं युनिट बदलावं लागतं. फायबरग्लासचं तसं नाही. तडा गेला तर मागून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन लावून तो बुजवता येतो. अगदीच घाई असेल तर एम-सील आहे, टेप आहे, केबल टाय आहेत. दोन-तीनदा पडलेलं रेस किट या दुरुस्त्यांमुळे उलट जास्त अनुभवी दिसतं.

बेली पॅनचं काम तर निव्वळ परोपकाराचं आहे. इंजिन फुटलं तर तेल आणि कूलंट ट्रॅकवर सांडू नये म्हणून ती खाली धरलेली असते. आंतरराष्ट्रीय रेसच्या नियमांत, एकूण द्रवापैकी निदान अर्धा तीत मावला पाहिजे आणि तिच्या तळाला 25 मिलिमीटरचं भोक हवं, जे कोरड्यात बंद ठेवायचं आणि पावसातच उघडायचं, अशी अट आहे. म्हणजे संपूर्ण किटमधला सर्वांत उपयुक्त भाग मागून येणाऱ्याच्या उपयोगाचा.

पडण्याच्या मुद्द्याला जोडून मनाची बाजू येते. 1980 मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू करणारे कीथ कोड यांनी 1983 च्या पुस्तकात स्वाराच्या लक्षाची कल्पना दहा डॉलरच्या नोटेसारखी मांडली आहे: सगळं लक्ष एवढंच, एका गोष्टीवर जास्त खर्चलं की दुसरीला कमी पडतं. ज्याच्या गाडीचे हप्ते चालू आहेत, तो वळणात शिरताना दहापैकी सात डॉलर गाडीच्या केशरी रंगावर खर्चतो. उरलेल्या तिनात ब्रेक, गिअर आणि जीव. अशा स्वाराला पन्नास ओरखड्यांचं फायबर चढवलेली गाडी दिली तर तो खरोखर वेगाने जातो. रेस किटने वेग वाढतो असं म्हणायचंच असेल तर ते या अर्थाने.

बसवणं हे वेगळं प्रकरण आहे. जाहिरातीत किट थेट बसतं. प्रत्यक्षात खोक्यातून पांढऱ्या जेलकोटची पॅनलं निघतात आणि त्यांना पुष्कळदा भोकंच नसतात. ती आपण पाडायची. डावी बाजू जुळली की उजवी बोटभर वर येते, उजवी ओढून बसवली की हँडल पूर्ण वळवताना अंगठा टाकी आणि काच यांच्यात सापडतो. घासायला बसावं तर फायबरग्लासची धूळ खाजकुइलीसारखी अंगाला लागते. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच हे काम करावं, आणि तो शर्ट घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नये. पाव फेरीत उघडणारे झूस स्क्रू मात्र घ्यावेत. नाहीतर प्लग बघायलासुद्धा ढीगभर स्क्रू काढावे लागतात आणि दर वेळी एक परत सापडत नाही.

एवढं झाल्यावर कायदा आठवतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत मनाजोगा फेरबदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे दर फेरबदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेडलाइट, आरसे, साडीगार्ड असं मोजत गेलं तर किटपेक्षा दंड महाग पडेल. चार इंडिकेटर म्हणजे एक बदल की चार, ही चर्चा रस्त्याच्या कडेला करू नये.

म्हणून सगळा निर्णय शेवटी एकाच प्रश्नावर येतो: गाडी ट्रॅकपर्यंत जाणार कशी? पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग 48 धरला की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत सुमारे 1200 किलोमीटरवर तोच रस्ता इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकजवळ आणून सोडतो. अनेक जण असेच चालवत जातात, चालवत येतात. त्यांनी रेस किटचं नाव काढू नये. खंबाटकीच्या बोगद्यात हेडलाइट लागतो. किट बसवलं की गाडी रेल्वे पार्सलने, टाकी रिकामी करून गोणपाटात गुंडाळून पाठवावी लागते, नाहीतर छोटा हत्ती ठरवावा लागतो. वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने यासाठी किट घेणं म्हणजे टेम्पोवाल्याचं कल्याण.

अशा माणसासाठी जुनी रीत पुरेशी आहे. आरसे उतरवावेत, काचांवर टेप मारावी, इंजिनाला चांगले स्लायडर आणि क्लच कव्हरला जाड संरक्षक कव्हर लावावं. 2017 पासून दुचाकीचा हेडलाइट कायम चालू राहतो. हॅलोजन असेल तर टेपचा डिंक वितळून काचेला चिकटतो, म्हणून त्याचा फ्यूज आधी काढावा. वर्षात तीन-चारदा जाणाऱ्याने किट घ्यावं आणि तेही न रंगवता, कारण रंगवलं की पुन्हा ते सात डॉलर जातात. त्याहून जास्त जाणाऱ्याने एखादी आधीच पडलेली सेकंडहँड गाडी घेऊन ती कायमची ट्रॅकला वाहून टाकावी.

किट बसवलंच तर मूळ प्लास्टिक जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर उभं ठेवावं, आडवं नको, कारण त्यावर लवकरच गाद्या येतात. स्क्रू वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून. हे प्लास्टिक गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात खाली येतं आणि तीन मोसम ट्रॅकवर काढलेली गाडी शोरूममधून निघाल्यासारखी दिसू लागते. घेणाऱ्याने अशा वेळी रंगाकडे पाहू नये. हँडलची टोकं, फूटरेस्टची टोकं आणि ब्रेक लिव्हरचा गोळा पाहावा. मग खाली वाकून इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टवर टॉर्च मारावा. त्याच्या डोक्यात सेफ्टी वायर ओवण्यासाठी पाडलेलं बारीक भोक दिसलं तर मालकाला काही विचारू नये, नुसती किंमत कमी सांगावी.