पुसलेलं जातं कुठं?

"आप्पा, काल आमच्या ह्यांची बोलती बंद झाली बरं का!"

वहिनी कुंपणाशी आल्या की पहिलं वाक्य असं मथळ्यासारखं टाकतात, तपशील मागाहून. मी पाण्याची नळी जास्वंदीच्या आळ्यात सोडली आणि पुढे सरकलो. सरांची बोलती बंद होणं ही आमच्या मिरजेतल्या कॉलनीत साधीसुधी बातमी नव्हे. उभा जन्म कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही रविवारी सकाळी एम.एस्सी.ची पाच-सहा पोरं त्यांच्या ओट्यावर जमतात. फी नाही, चहा मात्र दोनदा. वहिनीही फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या. चहाच्या निमित्ताने उंबऱ्यात उभ्या राहून त्या सगळा तास ऐकतात आणि सोमवारी कुंपणावरून तो मला मिळतो, तिखटमीठ लावून.

"कुणी केली बंद?"

"सांगते, पण क्रमाने. विषय होता माहिती. म्हणजे इन्फर्मेशन हो. ह्यांनी फळ्यावर शॅननचं सूत्र लिहिलं, १९४८ सालचं. तो तिकडे अमेरिकेत टेलिफोनवाल्यांच्या बेल लॅबमध्ये होता. आपल्याकडे येतो ना तो इचलकरंजीचा उंच मुलगा, त्याने लगेच हात वर केला. सर, ह्या सूत्रात निरोपाचा अर्थ कुठे बसवलाय? हे म्हणाले, कुठेच नाही. शॅनन पहिल्याच पानावर सांगून मोकळा होतो की अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही. पोरं खट्टू झाली. अर्थच नाही तर ती माहिती कसली?"

मला हसू आलं. "त्या मुलाला माझ्याकडे पाठवायचं होतं. तार खात्यात हयात गेली माझी. 'सन बॉर्न बोथ वेल' हे चार शब्द. 'फादर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली' हेही चारच. पैसे दोन्हींना सारखे. पाठवणाऱ्याने एका तारेला रडायचं नाही आणि दुसरीला पेढे मागायचे नाहीत."

"पेढे मागायचात तुम्ही."

"तो तार पोचवणारा शिपाई. मी नव्हे. आणि शुभेच्छांच्या तारा आठवतात का? पोस्टात ठरलेल्या वाक्यांची यादी लावलेली असायची, प्रत्येक वाक्याला क्रमांक. लग्नाचं वेगळं, दिवाळीचं वेगळं. गिऱ्हाईक नुसता आकडा लिहायचं, आम्ही नुसता आकडा पाठवायचो आणि पलीकडचा तारबाबू यादीत बघून अख्खं वाक्य उतरवायचा. समजा यादीत ३२ वाक्यं आहेत. मग हो-नाहीच्या पाच प्रश्नांत काम होतं. पहिल्या सोळात आहे का? त्यातल्या पहिल्या आठात आहे का? असं करत करत पाच बिट. वाक्य हातभर लांब असो नाहीतर दोन शब्दांचं. कितींमधून एक निवडलं, एवढाच हिशेब."

"ह्यांनीही हेच सांगितलं, फक्त लॉगरिदम घालून."

"पण सगळ्या शक्यता सारख्या वजनाच्या नसतात, हे सांगितलं का? 'हार्दि' एवढं आलं की पुढचा 'क' यायच्या आधीच कळतो. त्या 'क'मध्ये माहिती जवळपास शून्य. इंग्रजीत क्यू आला की पाठोपाठ यू ठरलेला. लाइन खरखरत असली की अशी अक्षरं आम्ही आपल्या अकलेने भरायचो. मोर्सच्या लिपीत ई म्हणजे एकच टिंब, ते उगाच नाही. ई सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून त्याला सगळ्यात कमी कष्ट. शॅननने त्या शहाणपणाचं शंभरएक वर्षांनी गणित केलं. आणि खेड्यात काय व्हायचं? तार आली म्हटलं की पाकीट फोडायच्या आतच रडारड. मरणाची शक्यता त्यांनी आधीच धरलेली. अशा घरात 'बाबा गेले'पेक्षा 'मुलगा पास' ह्या तारेत माहिती जास्त."

वहिनी क्षणभर थांबल्या. "म्हणजे माहिती कुणाच्या दृष्टीने, हा प्रश्न आलाच."

आलाच. मला विचाराल तर पोरांचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात. माहिती किती, एवढं विचारून भागत नाही. कितींपैकी, आणि कुणाच्या हिशेबाने, हे त्याला जोडावं लागतं. भरलेला पेनड्राइव्ह रिकाम्यापेक्षा जड असतो का, असं एकाने विचारलं होतं म्हणे. रिकाम्यातही प्रत्येक कप्पा कसल्यातरी स्थितीत असतोच की. वजनात केसाच्या कोट्यंशाचा फरक पडलाच, तर तो त्या स्थितींच्या ऊर्जेमुळे. आत गाणी आहेत की कचरा, याची वजनाला खबर नसते. पण बाकीचे निम्मे प्रश्न असे झटपट सुटत नाहीत.

"पहिला चहा घेऊन मी बाहेर गेले," वहिनी सांगू लागल्या, "तेव्हा एन्ट्रॉपी चालली होती. बोल्ट्झमनने वायूसाठी जे सूत्र काढलं, त्याच घाटाचं सूत्र शॅननने निरोपांसाठी काढलं. ह्यांनी त्यावर ती फॉन नॉयमनची गोष्ट सांगितली. त्याने शॅननला सल्ला दिला म्हणे, की तू ह्याला एन्ट्रॉपीच म्हण. सूत्र तेच आहे, आणि एन्ट्रॉपी म्हणजे काय हे कुणालाच धड ठाऊक नसल्याने वादात तुझीच सरशी."

"खरी आहे का गोष्ट?"

"शॅननने एकाला सांगितली, त्या एकाने छापली. आपल्या कुंपणावरच्या बातमीइतकी खरी. तर तासगावच्या मुलाने कप हातात घेतला आणि म्हणाला, सर, एन्ट्रॉपी म्हणजे आपलं अज्ञान ना? मग ज्याला ह्या कपातल्या एकूण एक रेणूची जागा आणि वेग ठाऊक आहे, त्याच्या जिभेला चहा पोळेल का?"

"वा!"

"हेही वा म्हणाले. पोळणार, कारण जिभेला ते ठाऊक नाही. थर्मामीटर तेवढाच आकडा दाखवणार. पण त्या सर्वज्ञ माणसाला त्याच चहातून आपल्यापेक्षा जास्त काम काढून घेता येईल. हाच तो मॅक्सवेलचा राक्षस. १८६७ साली मॅक्सवेलने टेटला लिहिलेल्या पत्रात तो पहिल्यांदा येतो, तेव्हा बिनानावाचा. राक्षस हे नाव केल्व्हिनने मागाहून ठेवलं. हवा भरलेली पेटी, मध्ये भिंत, भिंतीत इवलंसं दार आणि दाराशी हा बसलेला. वेगवान रेणू आला की इकडे सोडतो, मंद आला की तिकडे. एक बाजू तापत जाते, दुसरी गार होते आणि खर्च काही नाही! उष्णतागतिकीचा दुसरा नियम बसला धाब्यावर."

ह्या राक्षसाला पकडायला शंभरावर वर्षं गेली, आणि माझ्या मते सबंध विषयाची गंमत तिथेच आहे. १९२९ साली झिलार्डने एकाच रेणूचं इंजिन कल्पिलं. रेणू डावीकडे की उजवीकडे, एवढं एका बिटाचं ज्ञान असलं की त्यातून ठरावीक काम मिळतं. त्याला वाटलं, ते ज्ञान मिळवण्यातच खर्च होत असणार. बरीच वर्षं सगळे तसंच समजून चालले. १९६१ साली आयबीएमच्या रोल्फ लँडावरने नेमकं दुसरीकडे बोट ठेवलं: खर्च होतो तो पुसण्यात. मग १९८२ मध्ये आयबीएमच्याच चार्ल्स बेनेटने दाखवून दिलं की पाहणं तत्त्वतः फुकट जमू शकतं, विसरणं कधीच नाही. राक्षसाची वही केव्हातरी भरते. ती कोरी करायला लागणारी ऊर्जा त्याने आधी कमावलेल्याइतकीच निघते, त्याहून कमी नाही. हिशेब चुकता.

"किती लागते हो एका बिटाला?" मी विचारलं. पैशाचा प्रश्न आल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"आपल्या खोलीच्या तपमानाला? एका जूलचे १ वर २१ शून्यं इतके भाग करा, त्यातले जेमतेम तीन."

"कोण मोजणार ते!"

"मोजलं की. २०१२ साली फ्रान्समध्ये, लिऑनला. पाण्यातला काचेसारखा एक कण, मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन एवढा. लेसरने त्याच्यासाठी दोन खळगे केले. डाव्यात असला तर शून्य, उजव्यात असला तर एक. मग कुठेही असला तरी ढकलून एकाच खळग्यात आणायचा, हेच पुसणं. घाईने केलं तर उष्णता जास्त निघते. सावकाश, आणखी सावकाश करत गेलं तर ती लँडावरच्या आकड्याजवळ येऊन टेकते. आपल्या मोबाइलमधली चिप ह्याच्या कितीतरी पट उधळते, ती गोष्ट वेगळी."

इथे एका मुलीने मधेच जुळ्या कणांचा प्रश्न काढला होता. दिल्लीतला कण मोजला की मिरजेतल्या त्याच्या जोडीदाराची स्थिती तत्क्षणी ठरते, मग निरोप प्रकाशापेक्षा वेगाने गेला ना? नाही गेला. दिल्लीवाल्याला शून्य येणार की एक, हे त्याच्या हातात नसतं, आणि मिरजेच्या माणसाला आपल्याकडे नुसता छापा-काटा दिसतो. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावरच मेळ कळतो. १९९३ साली क्वांटम टेलिपोर्टेशनची युक्ती निघाली, तीतही एक स्थिती पोचवायला साध्या मार्गाने दोन बिट पाठवावेच लागतात.

"म्हणजे तार लागतेच!" मी म्हणालो.

"लागते. पण तुमचं खातं २०१३ मध्ये बंद झालं." वहिनी लागेल असं बोलतात कधीकधी. "आता ऐका, बोलती कशी बंद झाली ती. हे सांगत होते की क्वांटम मेकॅनिक्सच्या नियमांनुसार माहिती मुळीच नष्ट होत नाही. कागद जाळला तरी धूर, राख, निघालेला उजेड, सगळं कणाकणाने गोळा करता आलं तर अक्षरं परत मिळायला हवीत. व्यवहारात अशक्य, पण नियमाला व्यवहाराशी काय! ती जतची मुलगी आहे ना, कधीच न बोलणारी. ती हळूच म्हणाली, सर, मघाशी तुम्ही म्हणालात पुसायला ऊर्जा लागते. आता म्हणता काहीच पुसलं जात नाही. मग पुसलं म्हणजे आपण केलं काय? आणि ते पुसलेलं जातं कुठं?"

"मग?"

"मग काय! डस्टर हातातच. फळ्याकडे बघताहेत, पोरीकडे बघताहेत. अर्धा मिनिट तरी ओट्यावर चिडीचूप. मी दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळतंय तेवढंच ऐकू येत होतं."

"पण उत्तर दिलं ना?"

"दिलं. आणि छान दिलं. म्हणाले, तुझ्या प्रश्नातच लँडावरचं उत्तर आहे. तो कण डाव्या खळग्यात होता की उजव्यात, ह्या दोन शक्यतांची आपण एक केली. पण खालचे मूळ नियम असे आहेत की दोन वेगळ्या गोष्टी मिसळून एक होऊच देत नाहीत. मग तो फरक कुठेतरी भरावा लागतो. आजूबाजूच्या पाण्याचे रेणू त्या फरकाने थोडे वेगळे हलतात. ती जास्तीची हालचाल म्हणजेच ती उष्णता. आपल्या वहीतून गेलं ते शेजाऱ्याच्या गोंधळात जमा झालं. आंब्याची पानं आपल्या अंगणातून झाडून पलीकडे लोटावीत, तसं."

"सर रोज सकाळी करतात तेच हे."

वहिनींनी माझ्या अंगणाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "त्यावरून विषय कृष्णविवरावर गेला. कारण तिथे पलीकडचं अंगणच नाहीसं होतं! हॉकिंगने दाखवलं की कृष्णविवरातून मंद उष्णता बाहेर पडत राहते आणि ते आटत जातं. ही उष्णता आत काय पडलं होतं याचा पत्ता लागू देत नाही. शेवटी सगळंच आटून गेलं तर आत पडलेली माहिती कुठे? १९७६ साली तो म्हणाला, गेली. कायमची. १९९७ मध्ये त्यावर पैज लागली. हॉकिंग आणि किप थॉर्न म्हणत होते गेली, जॉन प्रेस्किल म्हणत होता जाणं शक्य नाही. पैज काय, तर जिंकणाऱ्याला त्याच्या आवडीचा ज्ञानकोश. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंगने हार मानली आणि प्रेस्किलला बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. वर म्हणतो कसा, खरं तर ह्याची राखच द्यायला हवी होती!"

"आणि थॉर्न?"

"त्याने मानली नाही. ह्यांना तर शिरपूरच्या अभय अष्टेकरांचं फार. त्यांनी आणि बोजोवाल्डने २००५ मध्ये मांडलं की कृष्णविवराच्या पोटात जिथे आइन्स्टाइनची समीकरणं हात टेकतात, तिथे अवकाश-काळ संपत नाही, पुंजभूमितीत पुढे चालू राहतो. तसं असलं तर माहितीला वाट उरते. २०१९ पासून आणखी काही गणितं आली, तीही प्रेस्किलच्याच बाजूने झुकतात. पण बाहेर येते ती नेमकी कशी, ह्यावर मंडळींचं अजून जुळत नाही. जतची मुलगी ऐकून म्हणाली, म्हणजे माझा प्रश्न तिथे अजून तसाच आहे तर. हे म्हणाले, हो बाई, तसाच आहे."

मला त्या उत्तराचं कौतुक वाटलं. इचलकरंजीच्या मुलाला मात्र पैजेचीच गोष्ट भावली असावी. तासाच्या शेवटी त्याने आणि तासगावकराने हात मारला: माहिती उरते की जाते, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.

"निकाल कधी?"

"प्रयोगाने लावायचा तर सूर्याएवढं एक कृष्णविवर आटेपर्यंत थांबावं लागेल. १ वर ६७ शून्यं, इतकी वर्षं. हे म्हणाले तोवर भूक कोण धरणार? आधी खाऊन घेऊ, पैसे हरणारा मागाहून देईल. गेले सगळे चौकात. बिल कुणी दिलं असेल, सांगा बघू?"

"सरांनी."

"ह्यात तुम्हाला माहिती किती मिळाली?"

"शून्य बिट," मी म्हणालो आणि नळी बंद करायला गेलो. जास्वंदीचं आळं भरून पाणी त्यांच्या बाजूला वाहायला लागलं होतं.