आधी सावली बघा, मग इन्व्हर्टर

घरावर सोलर बसवायचं ठरलं की बोलणं दोनच गोष्टींचं होतं. पॅनल किती वॉटचं, आणि सबसिडी किती? इन्व्हर्टर कोटेशनच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतो आणि ‘चांगल्या कंपनीचा टाकू’ एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. आता काही विक्रेते त्याच ओळीत मायक्रोइन्व्हर्टर लिहून आकडा वाढवतात. तो घ्यावा की नाही, हे सर्वात आधी तुमच्या गच्चीवर पडणारी सावली ठरवते. आणि ती सावली मोजायला कोणी तयार नाही, हे माझं भांडण आहे.

नेहमीच्या पद्धतीत पॅनल एकामागोमाग एक जोडतात आणि सगळी डीसी वीज भिंतीवरच्या एका स्ट्रिंग इन्व्हर्टरकडे येते. सगळ्या पॅनलमधून करंट एकच वाहतो, म्हणून एकावर सावली आली की त्याचा त्रास बाकीच्यांनाही होतो. मायक्रोइन्व्हर्टर प्रत्येक पॅनलच्या खाली बसतो, तिथेच डीसीची एसी करतो आणि प्रत्येक पॅनलकडून त्याच्या कुवतीप्रमाणे काम करून घेतो. शेजारचं पॅनल सावलीत असो की धुळीत, याला फरक पडत नाही.

इथपर्यंत खरं. पुढे विक्रेता सांगतो की स्ट्रिंग इन्व्हर्टर असेल तर एक पान पडलं तरी सगळी पॅनल बंद. हे खोटं आहे. पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. सावली आलेला भाग ते वळसा घालून बाजूला काढतात आणि बाकीची माळ चालू राहते. नुकसान होतं, पण सगळं बंद पडत नाही. दुसरी बाजूही तेवढीच खरी: मायक्रोइन्व्हर्टर सावलीत ऊन तयार करत नाही. झाकलेलं पॅनल झाकलेलंच राहतं, वाचतात ती त्याच्या शेजारची.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की तुमच्याकडे सावली किती, कधी आणि किती पॅनलवर येते. इथेच सगळी गडबड होते. सोलरची आठवण होते उन्हाळ्यात, बिल फुगल्यावर. सर्व्हेला माणूस येतो तोही एप्रिल-मेमध्ये. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस असतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच संपते. अशा दिवसांत पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजारची इमारत, सगळी निरुपद्रवी दिसतात. तीच गच्ची डिसेंबरात बघा. पुण्यात 21 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. पॅनलच्या पातळीपेक्षा 10 फूट उंच गेलेल्या भिंतीची सावली तेव्हा भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे 9 फूट पडते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमाराला वायव्येकडे 18 फुटांपर्यंत जाते. दक्षिणेला टाकी आणि उत्तरेला पॅनल अशी मांडणी असेल, तर थंडीचे महिने दरवर्षी मार खातात. हे गणित मोबाइलवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपवर पाच मिनिटांत होतं. विक्रेत्याने ते करून दाखवलं नाही, तर त्याच्या कोटेशनवर सही करू नका.

गच्ची मोकळी असेल, सगळी पॅनल एकाच कोनात दक्षिणेकडे तोंड करून असतील, तर मायक्रोइन्व्हर्टरवर पैसे घालू नका. अमेरिकेत तो घरोघरी पोचला त्याची कारणं तिथली आहेत. उतरती छपरं, त्यांची तोंडं तीन-चार दिशांना, आणि आगीच्या वेळी छपरावरचा व्होल्टेज झटपट खाली आणण्याची तिथल्या विद्युत संहितेची सक्ती. 2017 च्या आवृत्तीत ती थेट पॅनलपर्यंत पोचली. आपल्याकडे बहुतेक शहरी घरांना सपाट गच्ची आहे. पण कौलारू घर, पूर्व-पश्चिम उताराचं पत्र्याचं छप्पर, नारळांच्या मधलं कोकणातलं घर, तिन्ही बाजूंनी मजले चढलेला जुना बंगला, इथे तो पैसे वसूल करतो. दोनच दिशा असतील तर आधी दोन एमपीपीटीच्या, म्हणजे दोन माळांकडून वेगवेगळी जास्तीत जास्त वीज काढून घेणाऱ्या, स्ट्रिंग इन्व्हर्टरचा भाव विचारा; बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. सुरक्षेचा मुद्दा मात्र मी हलका धरणार नाही. साडेपाचशे वॉटची 6 पॅनल माळेत जोडली की उन्हात 300 व्होल्टच्या आसपास डीसी तयार असते, आणि खाली मेन स्विच पाडला तरी पॅनलकडची तार जिवंतच राहते. मायक्रोइन्व्हर्टरमध्ये ती एका पॅनलच्या 50 व्होल्टच्या आत राहते.

आता पैशाचा असा मुद्दा, जो कोटेशनमध्ये सहसा लिहिलेला नसतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार रुपये मिळतात. हिशेब करताना पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी, ती धरतात. साडेपाचशे वॉटची 6 पॅनल म्हणजे 3.3 किलोवॉट. त्यांना 380 व्हीएचे 6 मायक्रोइन्व्हर्टर लावले तर बेरीज 2.28 वर थांबते आणि सबसिडी सुमारे 65 हजारांवर येते. तेरा हजार गेले, आणि थंड, स्वच्छ दुपारी पॅनल जास्त द्यायला तयार असताना 380 च्या वरचं सगळं कापलं जातं ते वेगळंच. आपल्याकडची पॅनल मोठी आहेत, त्यांचा करंट 13 अँपियरच्या घरात जातो. तेवढा इनपुट करंट पेलणारं मॉडेल आहे का, हे डेटाशीटवर बोट ठेवून दाखवायला सांगा. दोन किंवा चार पॅनलना मिळून एक युनिट देत असतील तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र एमपीपीटी आहे ना, तेही बघा. ते नसेल तर ज्यासाठी जास्त पैसे दिले तेच मिळालं नाही.

उष्णतेबद्दल विक्रेते गप्प असतात. विदर्भातल्या मेमध्ये पॅनलची पाठ 65 अंशांच्या पुढे जाते आणि आपण नाजूक इलेक्ट्रॉनिक्स तिथेच टांगतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनलखाली मायक्रोइन्व्हर्टर लावायला माझा ठाम विरोध आहे. वारा खेळत नाही, आणि एक बिघडला तर चार पॅनल उचकटावी लागतात. आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर, खाली वाळवणं घालता येतील अशा पद्धतीने बसवत असाल तर दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

आणि लाइट गेली तर? साधा ऑनग्रिड मायक्रोइन्व्हर्टरही स्ट्रिंग इन्व्हर्टरसारखाच बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी. भारनियमनाला उपाय म्हणून कोणी तो विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वॉरंटी 25 वर्षांची सांगतात. त्यात वस्तू बदलून मिळणं आहे की ती बसवण्याची मजुरीही आहे, हे लिहून घ्या. कोणत्या पॅनलखाली कोणत्या सीरियल नंबरचा मायक्रोइन्व्हर्टर आहे याचा नकाशा, ॲपचं लॉगिन स्वतःच्या ईमेलवर, आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल तो आकडा, हे शेवटचा हप्ता देण्याआधी हातात आलं पाहिजे.