सर्जिस्फीअरच्या डेटाबेसला खुलं पत्र : तुला पाहिलं कुणी?

प्रति,
सर्जिस्फीअर कंपनीचा डेटाबेस,
मुक्काम : अद्याप कुणालाही न सापडलेला

तुला नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

२२ मे २०२० हा तुझ्या मिरवणुकीचा दिवस. मुंबईत तेव्हा खाट मिळावी म्हणून माणसं एका रुग्णालयाच्या दारातून दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात फिरत होती. कोविडवर नेमकं काय लागू पडतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी तू ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या शोधनिबंधातून जगासमोर आलास. सहा खंड, ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण! हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा त्याच्या जातीचं औषध न घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ९.३ टक्के आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांत १८ टक्के, असा तुझा हिशेब. औषधाने हृदयाची लय बिघडते, असा तुझा दाखला. शोधनिबंधावर पहिलं नाव हार्वर्डच्या प्राध्यापकांचं, सोबत झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या प्राध्यापकांचं आणि त्यांच्याच रांगेत तुझे मालक सपन देसाई यांचं. एवढी थोर नावं दारात उभी असताना आत घर आहे की नुसती चौकट, हे बघायला कोण जातो?

कुणीच गेलं नाही. तीन दिवसांत, २५ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडवरच्या औषधांच्या आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीतला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा भाग थांबवला. फ्रान्सने कोविडच्या रुग्णांना हे औषध देण्याची परवानगी २७ मे रोजी काढून घेतली. ‘सॉलिडॅरिटी’चं भारतातलं समन्वयन आमच्या पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था करत होती. म्हणजे तुझी झळ त्या संस्थेच्या भोसरीतल्या दारापर्यंत पोचली. ज्यांचा हिशेब उघडा होता, त्यांचं काम बंद आणि ज्याचा हिशेब कुणी पाहिलेला नाही, त्याचा शब्द प्रमाण. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खऱ्या चाचणीत एक नोंद कशी होते, हे तुला सांगायलाच हवं, कारण तुला ते माहीत असण्याचं काही कारण नाही.

संध्याकाळचा वॉर्ड असतो. पीपीई किटमध्ये घामाने निथळणारा निवासी डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो. मास्कवर मास्क, त्यावर फेसशील्ड, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. मराठीत छापलेलं माहितीपत्रक तो वाचून दाखवतो : हे औषध तुम्हाला मिळेल किंवा मिळणार नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, नको असेल तर नाही म्हणा, उपचारांत फरक पडणार नाही. धाप लागलेला माणूस विचारतो, “घरच्यांना विचारू का?” मग फोन लावून दिला जातो. लिहिता येत नसेल तर अंगठा घेतात आणि तटस्थ साक्षीदाराची सही लागते. त्याआधी नीतिमत्ता समितीची मंजुरी झालेली असते, चाचणीची सरकारी नोंदणी झालेली असते. पुढे ईसीजी काढून त्यातलं ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यामागचं हृदयाचं विद्युत चक्र पुरं व्हायला लागणारा वेळ, मोजायचं, कारण हे औषध ते अंतर वाढवू शकतं. मात्रा किती, कधी दिली, कधी चुकली, ते लिहायचं. रुग्ण घरी गेला की ठरल्या दिवशी त्याला फोन करायचा. फोन मुलीने उचलला आणि रडायला लागली, तर तेही एका रकान्यात भरायचं.

ही झाली एक नोंद. तुझ्याकडे अशा ९६,०३२ नोंदी होत्या म्हणे. त्यातल्या एका तरी रुग्णाच्या वॉर्डाचा पत्ता सांगतोस?

विचारलं होतं तुला. बँकॉकच्या माहिडोल-ऑक्सफर्ड संशोधन केंद्रातल्या जेम्स वॉटसन यांनी २८ मे रोजी खुलं पत्र लिहिलं आणि शंभरहून जास्त शास्त्रज्ञांनी त्याखाली नावं घातली. त्यांचे प्रश्न चौथीतल्या मुलालाही समजतील असे होते. रुग्णालयांची यादी कुठे आहे? नीतिमत्ता समितीची परवानगी का घेतली नाही? आफ्रिकेतल्या इतक्या रुग्णांच्या इतक्या बारीक इलेक्ट्रॉनिक नोंदी कुठून आल्या? धूम्रपान आणि लठ्ठपणाचं प्रमाण खंडाखंडांत वेगळं असतं, तुझ्या तक्त्यात ते जवळपास सारखंच कसं?

ऑस्ट्रेलियाने तर तुला रंगेहाथ पकडलं. २१ एप्रिलपर्यंत तुझ्या हिशेबात तिथे ७३ कोविड रुग्ण दगावले होते. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदलेले मृत्यू होते ६७. तुझ्या मोजक्या रुग्णालयांत सबंध देशापेक्षा जास्त माणसं मेली! ‘गार्डियन’ वृत्तपत्राने विचारल्यावर खुलासा आला की आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियाच्या खात्यात गेलं. एक अख्खं रुग्णालय खंड बदलून गेलं आणि शोधनिबंध लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, छापणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. मेलबर्न आणि सिडनीतल्या रुग्णालयांनी तर सांगून टाकलं की या कंपनीशी आमचा काहीएक संबंध नाही. पत्रकारांनी तुझ्या कंपनीची माणसं शोधली, तेव्हा मूठभर सापडली. त्यांच्यात विज्ञानकथा लिहिणारंही कुणी होतं. तुझ्यात खोट नाही, असं तुझे मालक सांगत राहिले. मग स्वतंत्र तपासनीसांनी मूळ डेटा मागितला आणि ग्राहकांशी केलेले करार आड येतात म्हणून तो मिळाला नाही. ४ जून २०२० रोजी ‘लॅन्सेट’मधला शोधनिबंध मागे घेतला गेला. तुझ्याच आधारावर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १ मे रोजी छापलेला, १६९ रुग्णालयांतल्या ८,९१० रुग्णांचा दाखला देणारा शोधनिबंधही त्याच दिवशी गेला. अवघ्या तेरा दिवसांत एवढा उजेड पाडलास.

आमच्याकडेही तुझ्यावर संशय घेणारी माणसं होती, हे तुला कळलंच पाहिजे. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक शेखर मांडे, तेव्हा दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेत असलेले अनुराग अग्रवाल आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे राजीव करंदीकर यांनी ‘लॅन्सेट’ला आणि जागतिक आरोग्य संघटनेला पत्र पाठवून तुझ्या आकडेमोडीवर बोट ठेवलं. जगातलं सर्वांत वजनदार नियतकालिक समोर असताना हे करायला छातीत दम लागतो. प्राध्यापकाचं काम ते हेच.

आणि म्हणून माझा खरा राग तुझ्या एकट्यावर नाही. तू तर कुणीतरी उभा केलेला. माझा राग आहे तो तुला न पाहता तुझ्यावर सही करणाऱ्यांवर. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा व्यवहार गावच्या बाजारातही कुणी शहाणा माणूस करत नाही. इथे विद्यापीठांची शतकानुशतकांची पत तारण ठेवून तो झाला. हार्वर्डच्या त्या प्राध्यापकांनी पुढे जाहीर माफी मागितली. महासाथीत काहीतरी उपयोगी पडावं या घाईत डेटाचा उगम नीट तपासला नाही, असं त्यांनी मान्य केलं. माफी मागितली हे बरं केलं. पण घाई तर त्या वॉर्डातल्या निवासी डॉक्टरलाही होती. म्हणून काही त्याने संमतीशिवाय कुणाचं नाव यादीत घातलं नाही.

आता तू म्हणशील, त्यात बिघडलं काय? औषध चालत नव्हतंच ना? हा युक्तिवाद मी बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याला उत्तर देतो.

हो, रुग्णालयात दाखल झालेल्यांना या औषधाने फायदा होत नाही, हे खरंच निघालं. पण ते तू शोधलं नाहीस. ते शोधलं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने. तुझा शोधनिबंध आला तेव्हा त्यांच्या स्वतंत्र देखरेख समितीने आपला खरा डेटा उघडून पाहिला आणि चाचणी चालू ठेवायला सांगितलं. ५ जूनला, म्हणजे तू मागे घेतला गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी निकाल सांगितला. अंतिम आकडे असे : औषध दिलेले १,५६१ रुग्ण, न दिलेले ३,१५५, २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण २७ टक्के आणि २५ टक्के. फायदा नाही. पण मृत्यू दुप्पट झाल्याचा तुझा कांगावाही खरा नाही. याच चाचणीने १६ जूनला दाखवून दिलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं. माणसं वाचली ती या हिशेबाने. खोट्या वहीतून बरोबर उत्तर आलं म्हणून वही खरी ठरत नाही.

आणि बिघडलं काय, ते ऐक. आजारी पडण्याआधीच हे औषध घेतलं तर आरोग्यसेवकांचा बचाव होतो का, हा वेगळा प्रश्न होता. त्यासाठी त्याच बँकॉकच्या केंद्राने ‘कॉपकोव्ह’ चाचणी आखली होती. ४०,००० आरोग्यसेवकांची तयारी होती. तुझा शोधनिबंध आला आणि ब्रिटनच्या औषध नियामकाने ती थांबवली. पुन्हा परवानगी मिळेपर्यंत पहिल्या लाटेतले मोलाचे आठवडे गेले, आणि लोकांच्या मनात बसलेली भीती परवानगीबरोबर निघून गेली नाही. शेवटी सहभागी झाले ४,६५२. निकाल छापून आला २०२४ मध्ये : औषध घेतलेल्यांत लक्षणांसह आजारी पडण्याचं प्रमाण थोडं कमी, पण ठामपणे बोट ठेवता येईल इतकं नाही. कारणं बरीच असतील, पण माणसं पुरेशी मिळाली असती, तर हो किंवा नाही असं एक उत्तर हातात आलं असतं. आमच्याकडे तर आरोग्यसेवकांनी हे औषध घ्यावं, असा आयसीएमआरचा सल्ला मार्च २०२० पासून होता. त्या गोळ्या गिळणाऱ्या परिचारिकांना आपण काय घेतोय आणि का घेतोय, हे वेळेत कळण्याचा हक्क होता. तो हिरावण्यात तुझा हात आहे.

एवढ्यावर तू थांबला नव्हतासच. त्याआधी एप्रिलमध्ये तुझ्याच पोटातून आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या औषधावरचा एका शोधनिबंधाचा मसुदा बाहेर पडला होता. त्यात औषधाचे गोडवे होते. पेरूमध्ये हे औषध उपचारांत घेताना त्याचा दाखला दिला गेला. मसुदा गुपचूप नाहीसा झाला, हवा मात्र राहिली. मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा आरोग्यमंत्र्यांनी केली. त्याचं माप मी तुझ्या पदरात घालत नाही. तोवर या औषधाचे बरेच भाट तयार झाले होते. पण त्या जथ्यात पुढे चालणाऱ्यांत तू होतास.

सगळ्यात मोठं नुकसान आकड्यांत मांडता येत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला आधीच राजकारणाने ओढलं होतं. ते रामबाण आहे म्हणून ओरडणाऱ्यांना तू आयतं कोलीत दिलंस : “बघा, शास्त्रज्ञ कट करतात!” त्यानंतर खरा निकाल आला तरी ते ऐकेनात. लशीची वेळ आली तेव्हाही हीच माणसं तुझं नाव घेऊन शंका पेरत होती. लोकांचा विश्वास एकदा उडाला की पुन्हा बसवायला वर्षं जातात, आणि ते काम तुझ्या मालकांच्या नव्हे, गावोगावच्या आशाताईंच्या वाट्याला येतं.

बरं, मागे घेतला म्हणून तू मेलास का? तेही नाही. ‘सायन्स’ नियतकालिकाने २०२१ च्या जानेवारीत तुझ्या शोधनिबंधांचा उल्लेख करणारे दोनशे लेख तपासले. त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी शोधनिबंध मागे घेतल्याचं नमूदच केलं नव्हतं. म्हणजे तुला न पाहता सही करणारे गेले आणि तुला न वाचता उतरवून घेणारे आले.

‘लॅन्सेट’ने सप्टेंबर २०२० मध्ये नियम बदलले. आता एकाहून अधिक लेखकांनी मूळ डेटा स्वतः पाहून तपासला, असं लिहून द्यावं लागतं. कंपनीसोबत काम असेल तर त्यांतला एक विद्यापीठाचा हवा. नियम चांगला आहे. पण तो तुझ्या आधी नव्हता, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. ज्याच्या नावाने शोधनिबंध, त्याने डेटा पाहिलेला असणारच, असं जगभरचे रुग्ण समजून चालले होते. त्यांचं काय चुकलं?

आमच्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही हे पत्र दुसऱ्याला आलंय असं समजू नये. बढतीसाठी शोधनिबंध मोजायचे, मोजणीसाठी नावं वाढवायची, विद्यार्थ्याने आणलेल्या तक्त्यावर मार्गदर्शकाने मूळ वह्या न उघडता सही ठोकायची, ही सवय तुला ओळखीची वाटेल. तुझी धाकटी भावंडं याच सवयीवर पोसली जातात. महासाथ आली की ती एकदम मोठी होतात.

तेव्हा आता ऐकून घे. तू खरा असशील, तर आजही उघडा हो : रुग्णालयांची यादी दे, नोंदी तपासू दे. नसशील, तर तुला उभं करणाऱ्यांनी तसं स्पष्ट सांगावं. आणि पुढची महासाथ येईल तेव्हा कितीही मोठ्या विद्यापीठाचं नाव मिरवत तू आलास, तरी आमचा पहिला प्रश्न तुझ्या निष्कर्षाबद्दल नसेल. मूळ नोंदी कुणी पाहिल्या, हे आम्ही विचारू, आणि उत्तर मिळेपर्यंत एकही खरी चाचणी तुझ्यासाठी थांबू देणार नाही.

एक मराठी वाचक